दहा पौंडाची बस: चेल्सीची अवे ट्रॅव्हल सबसिडी आणि फॅन्समधली भांडणं

२०२३-२४ चा सीझन सुरू होत होता तेव्हा लंडनच्या चेल्सी फुटबॉल क्लबनं एक बारीकसा खर्च बंद करायचं ठरवलं. अवे मॅचला, म्हणजे दुसऱ्याच्या ग्राउंडवर खेळायला टीम जाते तेव्हा, फॅन्ससाठी क्लब बस लावायचा आणि जाऊन-येऊन तिकीट होतं १० पौंड, उरलेले पैसे क्लब भरायचा. लंडनमध्ये १० पौंडात धड जेवणही होत नाही. तर हे बंद होणार असं कळलं आणि फॅन्स पेटले, सपोर्टर्स ट्रस्ट, म्हणजे फॅन्सची संघटना, बोलायला लागली, पेपरात बातम्या आल्या आणि शेवटी क्लबनं निर्णय फिरवला. गोष्ट म्हटली तर एवढीच, पण मला त्यातला वाद जास्त इंटरेस्टिंग वाटतो, कारण फॅन्स सगळे एका बाजूला आणि मालक दुसऱ्या बाजूला असं ते नव्हतंच, फॅन्स आपापसातही भांडत होते आणि दोन्हीकडे मुद्दे होते.

आधी सगळ्यात गाजलेला मुद्दा उरकून टाकतो. बातम्यांमध्ये या बसचा वर्षाचा खर्च अडीच लाख पौंडांच्या आसपास सांगितला गेला. त्याच ऑगस्टमध्ये याच क्लबनं मोइसेस कैसेडोला १०० मिलियन पौंड अधिक बोनस मिळून ११५ मिलियनपर्यंत जाईल अशा डीलवर घेतला. म्हणजे एका मिडफिल्डरच्या पैशात ही बस चारशे वर्षं चालली असती, हा हिशोब सगळ्यांनी केला आणि मीही केला, कारण तो करायला मजा येते. बरं, २०२२ मध्ये क्लबच्या तेव्हाच्या रशियन मालकावर, अब्रामोविचवर, ब्रिटिश सरकारनं निर्बंध टाकले तेव्हा क्लबला टीमच्या अवे प्रवासावर मॅचला २० हजार पौंडच खर्च करायची परवानगी होती आणि कोच टूखेल म्हणाला होता की वेळ पडली तर सात सीटर मीच चालवीन. त्या काळात बसची किंमत काय असते हे क्लबला चांगलं कळलेलं, असं फॅन्सनी टोमण्यात म्हणणं साहजिक होतं.

पण खरं सांगू का, हा चारशे वर्षांचा हिशोब ऐकायला भारी आणि वादात निकामी आहे. ट्रान्सफरशेजारी, म्हणजे खेळाडू विकत घ्यायच्या पैशाशेजारी, ठेवलं तर क्लबचा कुठलाही खर्च फुटकळच दिसतो, ग्राउंडवरचं गवतही आणि पोरांच्या अकॅडमीची जेवणंही, मग काय सगळंच फुकट करायचं? शिवाय ट्रान्सफरचा पैसा वहीत कराराच्या वर्षांमध्ये वाटला जातो, कैसेडोचा करार आठ वर्षांचा होता. क्लबकडे पैसे आहेत म्हणून द्या, हे मागणं झालं, कारण नाही झालं. कारण वेगळीकडे आहे आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

जानेवारी २०१३, आर्सेनल विरुद्ध मँचेस्टर सिटी, लंडनला. सिटीच्या फॅन्सना तिकीट लावलं ६२ पौंड. ३ हजार तिकिटांपैकी ९१२ तिकिटं न विकता परत गेली आणि ती टीम तेव्हा चॅम्पियन होती बरं का, रडतखडत चाललेली नव्हती. जे गेले त्यांनीही ६२ पौंडांचा बॅनर फडकवला. त्याच सुमारास फुटबॉल सपोर्टर्स फेडरेशननं अवे तिकीट २० पौंडांवर आणा म्हणून मोहीम काढली. तोपर्यंत प्रीमियर लीगलाही, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगलाही, हे दिसायला लागलं होतं की अवे स्टँड रिकामा दिसला तर टीव्हीवर मॅचचा आवाजच जातो, कारण इंग्लंडमधल्या बऱ्याच ग्राउंडवर खरा गोंगाट त्या कोपऱ्यातल्या ३ हजारांचाच असतो. मग लीगनं २०१३-१४ पासून प्रत्येक क्लबला वर्षाला २ लाख पौंड फक्त अवे फॅन्ससाठी वापरायला लावले. २० क्लब, ३ वर्षं, एकूण १२ मिलियन. मोठा आकडा वाटतो ना, पण त्याच ३ वर्षांचे देशातले टीव्ही हक्क ३ अब्ज पौंडांच्या वर विकले गेले होते, म्हणजे शंभर रुपयांतले चाळीस पैसे.

आणि बसचा वाद खरा इथून सुरू झाला. ते २ लाख कशावर घालायचे? काही क्लबनी तिकिटातून वजा केले, स्वान्सीनं पुढे अवे तिकीट सगळीकडे २२ पौंडांवर आणलं, काहींनी बसवर घातले. फॅन्समध्ये लगेच दोन तट. एक म्हणाले तिकीट कमी करा, ते सगळ्यांनाच लागतं. दुसरे म्हणाले तिकीट कमी करून काय होणार, पोचायचं कसं ते बघा. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या घरच्याच फॅन्सनी ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध ७७ व्या मिनिटाला स्टेडियम सोडलं, साधारण १० हजार लोक उठून गेले, टीम २-० पुढे होती ती २-२ वर आली, मालकांनी माफी मागून तिकीट मागे घेतलं. महिनाभरात लीगनं अवे तिकिटावर ३० पौंडांची मर्यादा आणली आणि ती मर्यादा चेल्सीचा हा वाद झाला तेव्हाही ३० वरच होती.

आता बघा काय झालं. तिकीट ३० ला बांधलं गेलं, पण डिझेल, ड्रायव्हरचा पगार, रेल्वेचं भाडं हे कुणी बांधलं नाही. त्यामुळे २०१३ मध्ये अवे मॅचचा मोठा खर्च तिकीट होता आणि २०२३ मध्ये मोठा खर्च प्रवास झाला होता. तिकीट की बस हा जुना वाद तिकिटाच्या बाजूनं जिंकला गेला आणि म्हणूनच बसचं महत्त्व वाढलं. चेल्सीनं बस बंद करायचं ठरवलं तेव्हा त्यांनी नेमका उरलेला भाग कापला. क्लबच्या ऑफिसात हे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही, पण त्यांना ती एक किरकोळ ओळ वाटली असणार, कारण बसनं जाणारे लोक संख्येनं कमी.

किती कमी? अंदाज करू. लीगच्या १९ अवे मॅचेस, अडीच लाख भागिले १९, एका मॅचला १३ हजार पौंड. एका सीटमागे क्लब २० ते २५ पौंड घालत असेल असं धरलं तर पाचशे-साडेसहाशे लोक, दहा-बारा बसेस. ३ हजारांतला पाचवा भाग. हा माझा हिशोब आहे, क्लबचा नाही, कप मॅचेस धरल्या की आणखी खाली येईल, पण अंदाज यायला पुरे.

बसचं गणित तिकिटासारखं नसतं हेही वादात बऱ्याच जणांना कळत नव्हतं. एसटी आपण प्रासंगिक करारावर लग्नाला घेतो तेव्हा महामंडळ वऱ्हाडी मोजत नाही, गाडी आणि किलोमीटर मोजतं, तीस बसले काय नि पन्नास बसले काय. इथेही तेच. धरून चाला की एक ५० सीटची बस दिवसाला १२०० पौंडाला पडते, भरली तर माणशी २४, तीसच आले तर ४०. म्हणजे सबसिडी काढली की तिकीट १० वरून २४ वर जाऊन थांबत नाही, काही लोक गळतात, मग उरलेल्यांना ३० पडतं, मग आणखी गळतात आणि एक दिवस क्लब म्हणतो बघा डिमांडच नाही, बस बंद. हे असं गावागावातल्या एसटीच्या फेऱ्यांचं झालेलं आपण पाहिलंय, वेगळं सांगायला नको.

न्यूकॅसलची मॅच घ्या, म्हणजे नीट दिसेल. त्या सीझनला चेल्सी तिथे २५ नोव्हेंबरला खेळली, शनिवार, दुपारी ३ ची मॅच, म्हणजे फॅनच्या दृष्टीनं सगळ्यात सोयीची वेळ. लंडनहून अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर, बसला साडेपाच-सहा तास, मधे थांबा धरून सकाळी सातच्या आसपास निघावं लागतं. नियम असा की ड्रायव्हरनं साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं ब्रेक घ्यायचाच आणि दिवसाला ९ तासांवर चालवायचं नाही, आठवड्यातून दोनदा फार तर १०. जाऊन-येऊन ११-१२ तास होतात, म्हणजे एका ड्रायव्हरनं हे कायद्यानं होतच नाही, दोन लागतात. खर्च तिथे वर जातो, बसच्या भाड्यात नाही, दुसऱ्या माणसाच्या पगारात. तिथे पोचल्यावर सेंट जेम्सेस पार्कमध्ये, म्हणजे न्यूकॅसलच्या ग्राउंडवर, अवे फॅन्सना बसवतात सगळ्यात वरच्या मजल्यावर, चौदा जिने चढून, सहा तास गुडघे दुमडून बसल्यावर. आणि मॅच ४-१ नं हरली. मग परत सहा तास. रात्री बारा वाजता फुलहॅम रोडला, चेल्सीच्या स्टॅम्फर्ड ब्रिज ग्राउंडपाशी, उतरायचं आणि तिथून पुढे आपल्या घरी कसं जायचं ते तुमचं तुम्ही.

हीच मॅच सोमवारी रात्री ८ ची असती तर? संपायला दहा वाजतात. उत्तरेतून लंडनकडे येणारी शेवटची गाडी तोवर गेलेली असते, मँचेस्टरहून सुद्धा रात्री नवाच्या आसपास शेवटची सुटते. मग हॉटेल, मंगळवारची रजा, किंवा बस, जी पहाटे चारला पोचवते. इथे बस स्वस्त पर्याय वगैरे उरत नाही, ज्याच्याकडे गाडी नाही त्याला तो एकच पर्याय उरतो. रेल्वेचं स्वस्त आगाऊ तिकीट असतं ना, ते ठराविक गाडीचं असतं आणि परत करता येत नाही, आणि मॅचची तारीख टीव्हीवाले नंतर हलवतात. शनिवारची मॅच रविवारी गेली की तुमचे चाळीस-पन्नास पौंड गेले. २६ डिसेंबरला, इंग्लंडमध्ये त्या दिवशी मॅचेस असतातच, रेल्वे जवळजवळ पूर्ण बंद असते, त्या दिवशी बस नसेल तर अवे फॅन म्हणजे कारवाला फॅन.

आणि याच सीझनला तो प्रसिद्ध प्रकार झाला, वुल्व्ह्ज (वुल्व्हरहॅम्प्टनची टीम) विरुद्ध चेल्सी, २४ डिसेंबर, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, दुपारी १ वाजता. प्रीमियर लीगमध्ये २४ डिसेंबरला मॅच १९९५ नंतर पहिल्यांदाच. टीव्हीसाठी हलवलेली. चेल्सीच्या सपोर्टर्स ट्रस्टनं जाहीर विरोध केला, उपयोग झाला नाही. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला दुपारी पुण्याहून नाशिकला मॅचला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं म्हटलं तर घरात काय ऐकावं लागेल ते मनात आणा. त्या दिवशी संध्याकाळी रेल्वे लवकर बंद होतात. वुल्व्हरहॅम्प्टन लंडनपासून लांब नाही, दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, पण अडचण वेळेची होती, अंतराची नव्हती. मॅचही हरले, २-१.

आता दुसऱ्या बाजूचे फॅन्स काय म्हणत होते ते, कारण त्यांना उगाच खलनायक करण्यात अर्थ नाही. पहिला मुद्दा, मी लंडनला राहतच नाही. चेल्सीचे फॅन्स ब्रिटनभर पसरलेत, लीड्समध्ये राहणारा फॅन न्यूकॅसलला स्वतःच्या गाडीनं जातो, त्याला स्टॅम्फर्ड ब्रिजवरून सुटणाऱ्या बसचा काडीचा उपयोग नाही, मग क्लबचा पैसा फक्त लंडनकरांवर का? मुद्दा बरोबर आहे. तिकिटावरची सवलत त्याला मिळते, बसची मिळत नाही. दुसरा मुद्दा, मला बस नको, मला ट्रेन हवी, कारण बसमध्ये पिता येत नाही. हसू नका, हे तिकडे गंभीर आहे. १९८५ च्या कायद्यानं इंग्लंड आणि वेल्समध्ये फुटबॉल मॅचला जाणाऱ्या बसमध्ये दारू नेणं, पिणं गुन्हा आहे, मॅचच्या वेळेच्या फार आधी बसनं पोचायचं नाही आणि वाटेत ग्राउंडजवळच्या पबला थांबायचं नाही अशी बंधनं ऑपरेटरवरही असतात. अवे डे म्हणजे मित्रांबरोबर ट्रेनमध्ये बियर अशी ज्यांची व्याख्या, ते बस फुकट दिली तरी बसणार नाहीत.

पण याच मुद्द्यातून बसमध्ये कोण बसतं ते कळतं. बारा-पंधरा वर्षांच्या पोराला घेऊन जाणारा बाप, एकट्या जाणाऱ्या बायका, साठी-सत्तरीचे म्हातारे, चाकाच्या खुर्चीवाले, कॉलेजची पोरं ज्यांना ट्रेनचे ९० पौंड परवडत नाहीत. दारू नाही म्हणूनच यांना ती बस बरी वाटते. म्हणजे अवे स्टँडमधला जो भाग क्लबला नेहमी फोटोत हवा असतो, सगळ्या वयाचे लोक वगैरे, तो भाग बसमधून येतो. ही सवलत सगळ्यांना मिळत नाही ही तक्रार खरी, पण ती नसेल तर कोण येणार नाही हेही बघायला पाहिजे.

तिसरा मुद्दा जरा जुन्या फॅन्सचा आणि तो मला सगळ्यात जास्त पटला. क्लबच्या बसवर अवलंबून राहू नका, म्हणतात, बस हे कंट्रोलचं साधन आहे. कार्डिफ आणि स्वान्सी यांच्या मॅचला वर्षानुवर्षं असं होतं की अवे फॅनला अधिकृत बसनंच जावं लागायचं, पोलिसांच्या पहाऱ्यात निघायचं आणि तसंच परत, स्वतःच्या गाडीनं गेलात तर आत जाता यायचं नाही. दोन शहरांत अंतर किती तर साठ-पासष्ट किलोमीटर. क्लब आज बस स्वस्त देतो, उद्या म्हणेल बसनंच या. ही भीती हवेतली नाही, वेल्समध्ये हे झालंय. म्हणूनच अनेक ठिकाणी फॅन्सच्या स्वतःच्या मंडळांनी बसेस काढायची जुनी पद्धत आहे, क्लबच्या हातात न देता, आणि सबसिडी आली की ही मंडळं मरतात, कारण १० पौंडांशी ती टक्कर देऊ शकत नाहीत. मग क्लबनं हात काढला की काहीच उरत नाही. चेल्सीच्या प्रकरणात एवढी घबराट झाली त्याचं एक कारण मला हे वाटतं.

तर माझं मत. सरसकट १० पौंड हेही मला फारसं बरोबर वाटत नाही. फुलहॅम किंवा ब्रेंटफर्डला जायला बस कशाला, दोन्ही लंडनमध्येच, ट्यूब म्हणजे तिथली मेट्रो आहे, ब्राइटनला शनिवारी दुपारी ३ ची मॅच असेल तर ट्रेन आहे. तिथला पैसा वाचवा. पण मॅच टीव्हीसाठी हलवली आणि त्यामुळे परतीची ट्रेन उरली नाही, किंवा २४ डिसेंबर, २६ डिसेंबर असा दिवस आहे, तर तिथे बस फुकट पाहिजे, १० नाही, शून्य, आणि त्याचे पैसे क्लबच्या मर्जीतून नाही तर टीव्हीच्या पैशातून यायला पाहिजेत. कारण नुकसान तिथून झालंय. रस्ता खोदणाऱ्यानं रस्ता बुजवायचा, एवढा सरळ हिशोब आहे. यात लीड्सवाल्या फॅनचा प्रश्न पूर्ण सुटत नाही, पण त्यालाही निदान कारण समजतं, की ही लंडनकरांना दिलेली भेट नाही, हलवलेल्या वेळेची भरपाई आहे, आणि मग तोही मागू शकतो की लीड्समधून एक बस सोडा. आणि भरपाई म्हटलं की कंट्रोलचा मुद्दाही सैल पडतो, पैसे फॅन्सच्या मंडळालाही देता येतात, बस त्यांनी काढावी.

यात आपलाही हात आहे, म्हणजे भारतात बसून बघणाऱ्यांचा. २४ डिसेंबरची दुपारी १ ची मॅच आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला लागते, रविवारी, चहा घेऊन बसायला एकदम मस्त वेळ. शनिवारची साडेबाराची मॅच आपल्याला उन्हाळ्यात पाचला आणि थंडीत सहाला. ठाण्यात, नागपुरात, पणजीत निळी जर्सी घालून बघणारे हजारो आहेत, परदेशातल्या टीव्ही हक्कांचा पैसाही त्यांच्यासारख्यांच्या जिवावर येतो, आणि त्या साडेबाराच्या मॅचसाठी कुणीतरी लंडनमध्ये पहाटे साडेपाचला बसची वाट बघत उभा असतो. अपराधी वाटून घ्यायची गरज नाही, पण क्लबला पैसे कुठून येतात असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर माहीत असावं.

आपल्या इथे हा वाद होतच नाही कारण अवे फॅन हा प्रकारच तुरळक. मुंबई सिटी ही आपली फुटबॉल टीम गुवाहाटीला खेळणार असेल तर बसचा विषय संपला. जिथे शक्य आहे तिथे लोक जातात, पुण्याची टीम होती तोवर मुंबई-पुणे मॅचला बालेवाडीला एक्सप्रेसवेवरून जाणं अगदी सोपं होतं, मडगावला फातोर्ड्यात एफसी गोवाशी मॅच असली की मुंबईहून रात्रीची गाडी पकडता येते. २०१९ मध्ये पुण्याची टीम बंद झाली आणि सगळ्यात जवळची अवे मॅचच गेली.

चेल्सीनं निर्णय फिरवला तेव्हा फॅन्सनी जिंकल्यासारखं केलं आणि ते साहजिक आहे, पण नीट बघितलं तर मिळालं ते जुनंच परत मिळालं, तेही क्लबच्या मर्जीवर. कुठल्या मॅचला, कुठल्या परिस्थितीत, कुणाच्या पैशानं बस मिळणार याचा लेखी नियम करून घ्यायला तीच वेळ चांगली होती, क्लब बॅकफूटवर होता, पेपर फॅन्सच्या बाजूनं होते. पण लोक १० पौंडांवर खूश झाले आणि तीन-चार महिन्यांत वुल्व्ह्जची ती मॅच आली.